ब्यूरोतली मावशी

ब्यूरोतली मावशी म्हणजे ब्यूरोमार्फत मूल सांभाळण्याचे काम धरणारी, साधारण पस्तीस ते पंचावन्न वयाची बाई. वय समोरच्याच्या गरजेप्रमाणे सरकते. घरात तान्हे बाळ असेल तर ती पन्नाशीची अनुभवी होते, दोन वर्षांचे पळते पोर असेल तर चाळिशीच्या आत येते. पुण्यात ती खराडी, बाणेर, वाकडच्या सोसायट्यांत आढळते आणि राहते येरवड्यात किंवा जनता वसाहतीत. मुंबईत ती पवईच्या टॉवरमध्ये दिसते आणि रात्री दिवा, नाहीतर नालासोपाऱ्याला पोहोचते. गाव बहुतेक वेळा सोलापूर, लातूर, जालना या बाजूचे. धुणीभांडी करणाऱ्या बायकांत आपल्याला मोजलेले तिला खपत नाही. ‘भांड्याला मी हात लावत नाही’ हे मुलाखतीतले तिचे पहिले वाक्य असते. काही घरांत ते शेवटचेही ठरते.

मूल सांभाळायला बाई पूर्वी ओळखीतून मिळे. समोरच्या काकूंच्या कामवालीची नणंद मोकळी आहे एवढ्यावर व्यवहार होई, आणि काही बिनसले तर काकूंना बोल लावता येई. सोसायटीत समोरच्या दाराआड कोण राहते हेच माहीत नसल्यावर ही सोय संपली. त्यात 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार आईची पगारी बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. त्यामुळे घबराटीची तारीख तेवढी पुढे सरकली. पंचविसाव्या आठवड्यापर्यंत ‘बघू, आई येईल’ असे चालते. मग आईचे गुडघे आणि सासूबाईंची युरोप टूर एकाच आठवड्यात निघतात, आणि रात्री अकरा वाजता ब्यूरोचा नंबर शोधला जातो. ज्या मावशीसाठी ही धावपळ चाललेली असते, तिने स्वतःच्या बाळंतपणात किती आठवडे रजा घेतली होती, हा प्रश्न फॉर्मवर नसतो.

ब्यूरो बहुधा स्टेशनच्या आसपास, खाली झेरॉक्सचे दुकान असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असतो. आत एक टेबल, भिंतीला लागून बाकडे, वर गणपती. टेबलामागच्या मॅडमकडे दोन मोबाइल असतात आणि दोन आवाज. एका मोबाइलवर, ‘अगदी घरच्यासारखी आहे हो, तुम्ही एकदा बघा तर.’ दुसऱ्यावर, ‘उद्या साडेआठला पोचली नाहीस तर माझ्या दारात यायचं नाही.’ घरवाल्यांकडून नोंदणी फी आणि साधारण एका पगाराएवढे कमिशन घेतले जाते. मावशीकडूनही नोंदणीचे पैसे घेतात, शिवाय पुष्कळ ठिकाणी पहिल्या पगारातला लचका. दोन्हीकडून पैसे घेणारा मध्यस्थ वधूवर सूचक मंडळातही भेटतो, पण तिथे निदान दर अकरा महिन्यांनी नूतनीकरण करावे लागत नाही.

बाकड्यावर बसून मावशीचा बायोडाटा तयार होतो. तो लिहितात मॅडम. शिक्षण सातवी, अनुभव दहा वर्षे, स्वभाव प्रेमळ. स्वभावाच्या रकान्यात प्रेमळ सोडून दुसरे काही लिहिल्याचे अजून कोणाच्या पाहण्यात नाही. सोबत पासपोर्ट साइझ फोटो, ज्यात ती एवढी करारी दिसते की प्रेमळ या शब्दाकडे पुन्हा पाहावे लागते. मागच्या घरचा नंबर ही बायोडाट्यातली सर्वांत नाजूक जागा. मागचे घर भांडून सोडले असेल तर तिथे भाचीचा नंबर येतो. भाची फोनवर ‘हो हो, मावशी खूप चांगल्या, आम्ही अमेरिकेला गेलो म्हणून’ एवढे पाठ म्हणते, आणि मागे ‘स्वारगेट, स्वारगेट’ ऐकू येते.

यानंतर मुलाखत. ही आपण घेत आहोत असे घरवाल्यांना वाटते. ताई लॅपटॉप मिटून कोचावर बसतात, साहेब स्वच्छतेवर दोन प्रश्न विचारतात. मावशी खुर्चीच्या कडेवर टेकलेली असते आणि पाणी नको म्हणते. पण तिची नजर तोवर घर फिरून आलेली असते. मग ती विचारते.

‘कुत्रं हाय का?’

‘नाही.’

‘घ्यायचा विचार?’

‘नाही हो.’

‘आजी कायम असतात का येऊन-जाऊन?’

या एका प्रश्नावर पगाराचा आकडा ठरतो. आजी नसतील तर घर तिच्या हाती. आजी येऊन-जाऊन असतील तर आल्या की दोन दिवस नरम राहायचे. आजी कायमच्या असतील तर दोन मुले सांभाळायची आहेत असे धरून ती रक्कम सांगते. पुढचे प्रश्न भराभर येतात. बाळ बाटली घेते का, मांडीवर झोपते की पाळण्यात, दुपारी तासभर आडवे व्हायला मिळेल का, जेवण यांचे की डबा आणायचा, दिवाळीला बोनस एक पगार की अर्धा. शेवटी ती छताच्या कोपऱ्याकडे हनुवटी करते. ‘कॅमेरा चालू असतो का नुसता लावलाय?’ साहेब अवघडून म्हणतात, ‘सेफ्टीसाठी आहे.’ मावशी म्हणते, ‘असू द्या की. पण त्यात बघून फोन करायचा नाही, पोरगं झोपलेलं उठतं.’

ठरल्यावर दोन दिवस ट्रायल असते. या काळात बोलण्याला किंमत नसते. सगळा निकाल आंघोळीवर लागतो. मावशी बाथरूममध्ये पाटावर बसते, साडी गुडघ्यापर्यंत खोचते, पाय लांब सोडते आणि बाळ नडग्यांवर पालथे घेते. पाण्यात आधी हात नाही, कोपर बुडवते. डाव्या हाताचा तळवा बाळाच्या कपाळाखाली, उजव्या हाताने मानेपासून कमरेपर्यंत धार. तांब्याने पाणी घालताना एक थेंब कानात जात नाही. रोज टबमध्ये किंचाळणारे पोर गप्प होते, मग हुंकार देते, आणि टॉवेलात गुंडाळेपर्यंत त्याचे डोळे मिटायला लागलेले असतात. दारात मोबाइल धरून उभ्या असलेल्या ताईंनी बाळाच्या आंघोळीचे कितीतरी व्हिडिओ पाहिलेले असतात. त्या निमूटपणे मोबाइल खिशात ठेवतात. तिला ‘मावशी’ म्हणायला सुरुवात इथून होते. तोवर ती ‘त्या ब्यूरोच्या बाई’ असते.

खटके उडतात ते पोटात काय जाणार यावरून. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचे नाही असे डॉक्टर सांगतात, आणि मावशीच्या कमरेच्या पिशवीत बाळगुटीची पुडी असते. काजळ नको, मध नको, नाकात तेल तर मुळीच नको, अशी यादी फ्रिजवर लागते. मावशी मान डोलावते. या यादीत डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. मावशीचे म्हणणे एवढेच असते की तिची तीन मुले काजळ घालून मोठी झाली आणि त्यातला एक ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, रात्रीची.

तिच्या जागेबद्दल कायद्याचे काय म्हणणे आहे हेही पाहण्याजोगे आहे. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार ज्या एजन्सीकडून येतो, तिला 2005 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. त्याच फाटकातून आत जाऊन दिवसभर मूल कडेवर घेणाऱ्या बाईच्या ब्यूरोला तशा खास परवान्याची कटकट नाही. छत्तीसगडने 2013 साली आणि झारखंडने 2016 साली अशा एजन्सींसाठी कायदे केले, दिल्लीने 2014 साली आदेश काढला. महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा कामगारांच्या नोंदणीपुरता आणि कल्याण योजनांपुरता आहे. नोंदणीचे वय 18 ते 60; तिथे वय सरकत नाही. ज्या भांडीवालीत मोजले जाणे मावशीला खपत नाही, तिच्याच यादीत या कायद्याने तिचे नाव येते. त्या भांडीवालीने 1980 साली पुण्यात संप केला होता आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली, हे मावशीला ठाऊक नसते. संध्याकाळी परवानाधारक रखवालदार तिची पिशवी उघडून पाहतो. ब्यूरोच्या मॅडमची पर्स कोणी पाहत नाही.

काम जमले की ती घरात मुरते. बाळाशी इंग्रजीतच बोलायचे असे आईवडिलांनी ठरवलेले असते, पण ते दोघे दिवसभर मीटिंगमध्ये असतात. दीड वर्षाने एका सकाळी मूल खिडकीशी उभे राहून ‘लई पाऊस पडायलाय’ असे स्वच्छ लातुरीत सांगते. सुट्टीचा विषय मात्र कधीच मुरत नाही. रविवारची सुट्टी करारात असते आणि रविवारीच घरी पाहुणे असतात. उलट मावशी गावच्या जत्रेला चार दिवस म्हणून जाते आणि आठव्या दिवशी ‘गाडीच नव्हती’ म्हणत परतते, येताना शेंगदाण्याची चटणी आणि बाळाला झबले आणते. चटणीचा डबा पाहून बोलायचे राहून जाते. ब्यूरोच्या करारात दोन-तीन वेळा बाई बदलून देण्याची हमी असते. जे घर ती हमी भराभर वापरते, त्याची बातमी बाकड्यावर सगळ्यांना लागते आणि मग त्या पत्त्यासाठी एकही मावशी मोकळी नसते.

अकरा महिने भरत आले की मॅडमचा नूतनीकरणाचा फोन येतो: करार वाढवायचा तर पुन्हा कमिशन. वर्षभर पगार, खाडे, उचल यांवर घासाघीस केलेल्या दोन्ही बाजू आता पहिल्यांदाच एक होतात. ताई कळवतात, ‘मावशी काम सोडून गावाला गेल्या.’ मावशी तिकडे कळवते, ‘त्यांनी पोरगं पाळणाघरात घातलं.’ पगार पाचशेने वाढतो आणि ब्यूरोचे कमिशन वाचते. मॅडम या धंद्यात नव्या नसतात. त्या आठ दिवसांनी सकाळी दहाला मावशीला सहज फोन करतात, तब्येत विचारतात आणि मागचा आवाज ऐकतात. मागे पोर रडत असते. ‘नातू आहे,’ मावशी म्हणते. ‘बरं,’ मॅडम म्हणतात आणि वहीत तिच्या नावापुढे फुली मारतात. पोर प्लेस्कूलला जायला लागून हे काम संपले की मावशी परत याच बाकड्यावर येणार आणि तेव्हा नोंदणी फी दुप्पट घ्यायची, असा त्या फुलीचा अर्थ असतो.