पाठीमागून वार करणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीनला

वाणगाव, ता. डहाणू

ट्रायक्लोरोएथिलीन,

तुला नमस्कार लिहिणार नाही, आणि पत्राखाली ‘आपला’ म्हणून सहीही करणार नाही. सैनिकाशी लढायचं तर शत्रूसुद्धा कधी ना कधी समोर येतो. तुझ्यात तेवढीही हिंमत नाही. तू बादलीतून आलास, हातातल्या फडक्यातून आलास, पिण्याच्या पाण्यातून आलास. वार झाल्याचं माणसाला कळलं तेव्हा त्याचा गणवेश उतरून वीस-तीस वर्षं झाली होती.

वर्कशॉपमध्ये तुला ट्रायक्लो म्हणतात. इंजिनाचा सुटा भाग तुझ्यात बुडवला की ग्रीस सुटतं, भाग लगेच कोरडा होतो, आणि पेट्रोलसारखा भडका उडत नाही. एवढ्यावर जगभरच्या फौजांनी तुला दुरुस्तीच्या कामाला घेतलं. तुझा वास गोडसर. तुझी वाफ हवेच्या साडेचारपट जड. ती उडून जात नाही, टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी साचते. आधी डोकं हलकं होतं, मग गुंगी येते. हाच गुण पाहून डॉक्टरांनी एकेकाळी बाळंतिणींच्या कळा कमी करायला तुला हुंगायला दिलं होतं. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर त्या आचेने तुझ्यातून फॉस्जीन निघतो. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला होता तोच वायू. 2012 मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तुला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा तुझ्याविरुद्ध पक्का झाला होता.

कॅम्प लजून आठवतं का? अमेरिकी मरीन सैनिकांचा नॉर्थ कॅरोलायनातला तळ. तिथल्या विहिरींत तू जमिनीतून झिरपलास. तुझा भाऊबंद, ड्रायक्लीनिंगवाल्यांचा परक्लोरोएथिलीन, कुंपणाबाहेरच्या एका दुकानातून आला. 1953 ते 1987 या काळात सैनिकांनी, त्यांच्या बायकांनी, मुलांनी ते पाणी प्यायलं, त्यानेच आंघोळी केल्या. 1982 मध्ये नमुना तपासला तेव्हा तू दर अब्ज भागांत 1,400 भाग निघालास. पुढे अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी तुझी मर्यादा ठरवली ती 5. तरी सर्वांत खराब विहिरी बंद व्हायला 1984-85 उजाडलं. तळावरच्या एका सार्जंटची नऊ वर्षांची जेनी 1985 मध्ये ल्युकेमियाने गेली. पाण्याची गोष्ट तिच्या बापाला 1997 मध्ये टीव्हीवरच्या बातमीतून कळली. बारा वर्षं त्या माणसाने आपल्याच घरात कारण शोधलं असेल. हे तुझं सगळ्यात नीच काम.

2023 मध्ये त्या तळावरच्या माजी सैनिकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या तळाशी केली, तेव्हा पार्किन्सनचा धोका 70 टक्क्यांनी जास्त निघाला. बंदूक स्थिर धरायला शिकवलेले हात तू म्हातारपणी थरथरायला लावलेस. ऑस्ट्रेलियात एफ-111 विमानांच्या इंधनटाक्यांत सरपटत शिरून जुनं सीलंट काढणाऱ्या हवाईदलाच्या माणसांचं आरोग्य दुसऱ्या रसायनांनी असंच बिघडवलं. त्यांच्या अंगाचा वास धुऊन जात नसे. काम 2000 मध्ये थांबलं, चौकशी त्यानंतर झाली.

आता आपल्या घराकडे ये. आमच्या डहाणू तालुक्याला 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेचं संरक्षण आहे. चिकूच्या वाड्या, मिरचीची शेती आणि समुद्रकिनारा वाचावा म्हणून इथे घातक उद्योगांना मनाई झाली. पुढच्याच बोईसर स्टेशनला उतरलं की तारापूरची एमआयडीसी आहे, म्हणून रसायन म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण इथल्या जमिनीसाठी कायदा झाला तसा इथून भरतीला जाणाऱ्या पोरासाठी झालेला नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात तुझं नाव होतं, हवेत तू किती चालशील याचा आकडाही होता. त्याच कायद्यात ‘कामगार’ कोण हे सांगताना सशस्त्र दलांतल्या माणसाला वगळलं होतं. सैन्याच्या फिरत्या तुकडीला ‘कारखाना’ मानायचं नाही, हेही त्यातच लिहिलं होतं. 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या कामगार संहितेनेही ही दोन्ही दारं तशीच बंद ठेवली. खडकीचं आर्मी बेस वर्कशॉप घे किंवा ओझरचा हवाईदलाचा दुरुस्ती डेपो घे. नागरी कर्मचारी आणि जवान एकाच छताखाली यंत्रं उघडतात. एकाला कायदा ओळखतो, दुसऱ्याला ओळखत नाही. तुला मात्र दोघांची फुप्फुसं सारखीच.

2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत जडला तर तो सेवेमुळेच झाला असं धरावं. चांगला निकाल. पण तू नोकरी संपेपर्यंत दम धरतोस. साठीतला निवृत्त हवालदार थरथरता हात घेऊन दवाखान्यात बसतो, तेव्हा त्याने पंधरा वर्षं कशात हात बुडवले हे त्याच्या कागदावर कुठून सापडणार? तुझी सगळी ताकद त्या कोऱ्या जागेत आहे.

युरोपात 21 एप्रिल 2016 पासून खास परवानगीशिवाय तुला वापरता येत नाही. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये बंदीचा नियम जाहीर केला, आणि तुझे वकील लगेच न्यायालयात पोचले. ग्रीस तर गरम पाण्यात अल्कली घालूनही निघतं. थोडा वेळ जास्त लागतो. तेवढा वेळ आपल्या जवानासाठी काढता येत नसेल तर त्याला सलाम कशाला करायचा?

या पत्राच्या प्रती संरक्षण मंत्रालयाला आणि आमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवतो आहे. मागणी साधी आहे. प्रत्येक जवानाच्या वैद्यकीय नोंदीत कोणतं द्रावक, कोणत्या कामासाठी, किती वर्षं हाताळलं हे लिहा, आणि निवृत्त मेकॅनिकांना घरी जाऊन तेच विचारा. पालघर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांपासून सुरुवात करा. त्यांना आठवतं आहे तोवर करा.

वाणगावचा एक रहिवासी