शिरोडकर खंयची?

कादंबरी वाचून गप्प बसणारा वाचक पेडणे-डिचोलीकडे अजून जन्माला यायचा आहे. आमच्याकडचा वाचक पुस्तक उघडतो तेच मुळी मत द्यायला. बहुधा तो निवृत्त शिक्षक असतो. खिशाला पेन, कापडी पिशवीत वाचनालयाचं पुस्तक, आणि तरुणपणी जत्रेच्या नाटकात संभाजी केलेला असल्यामुळे आवाज असा, की शेजारच्या हॉटेलात भजी तळणाऱ्यालाही मराठी साहित्याची दिशा कळावी. त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. त्याच्या हाताखाली शिकलेले म्हणतात, आणि त्यातून वाचलेलेही.

सध्या सरांच्या तावडीत मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ सापडली आहे. मौजेने ती 2004 साली काढली, 2012 साली तिच्यावर सिनेमाही आला. तरी सर तिला ‘ही नवीन कादंबरी’ म्हणतात. खांडेकरांनंतरचं सगळंच त्यांच्या लेखी नवीन. आणीबाणीच्या काळातली नववी, मुकुंद जोशी नावाचा पोरगा, त्याचे तीन दोस्त, घरात आई-वडील, अंबाबाई म्हणून ज्या बहिणीला तो हाक मारतो ती, सांभाळून घेणारा नरूमामा आणि वर्गातली शिरोडकर. हसवता हसवता शेवटी ही कादंबरी काळजाला अशी काही हात घालते, की वाचणारा दिवसभर कामातून जातो.

सर वाचताना हसतात. पडवीत बसून असे हसतात, की शेजारीण कुंपणापाशी येऊन ‘कितें जालें?’ विचारून जाते. पण मत द्यायची वेळ आली की चष्मा नाकावर, चेहरा शोकसभेतला. “विनोदाची पखरण आहे, नाही असं नाही. मात्र त्यामुळे आशयाची खोली काहीशी उणावते.” हेच सर दशावतारात संकासुराची बडबड ऐकायला रात्रभर मांडी घालून बसतात, आणि पहाटे राजाची राणीशी ताटातूट झाली की उपरण्याने डोळे टिपतात. तिथे खोली उणावत नाही. छापलेल्या विनोदावर मात्र त्यांचा विश्वास नाही.

त्यांची खरी समीक्षा समासात असते. वाचनालयाची ती प्रत मुद्दाम चाळण्यासारखी आहे. पेन्सिलीने, बोरूचं वळण असलेल्या अक्षरात: ‘वा!’ पुढे: ‘वडिलांचे बरोबर.’ आणखी पुढे, पोरं मास्तरांच्या नकला करतात तिथे, दोनदा अधोरेखित: ‘आमच्या शाळेत असे घडले नसते.’ त्याखाली निळ्या बॉलपेनने, दुसऱ्याच कोणाचं अक्षर: ‘घडत होते. मार आम्ही खात होतो.’ सरांनी ते अक्षर ओळखलेलं आहे. अजून त्याचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेला नाही, एवढंच ते म्हणतात.

सरांना तोलामोलाचा प्रतिपक्ष डिचोलीत आहे. हे भाई खाणीवर कॅशियर होते. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि भाई वाचनाला लागले. दोघांची गाठ पडली की चहा येण्याआधी विषय निघतो तो कथानकाचा नव्हे, शैलीचाही नव्हे.

“ती शिरोडकर खंयची?”

आमच्याकडे माणूस कोणाचा, खंयचा हे ठरल्याशिवाय त्याच्या सुखदुःखात शिरता येत नाही. मग तो कादंबरीतला का असेना. भाईंच्या मते यात वाद नाहीच: शिरोडा फोंडा तालुक्यातला, कुळदेवता कामाक्षी, विषय संपला. सर शांतपणे कप बशीत ठेवतात. “अहो भाई, केरीला फेरीत बसा, तेरेखोल ओलांडा, रेडी मागे टाका, की आलं शिरोडं. वेंगुर्ला तालुका. खुद्द खांडेकर तिथे 1920 पासून अठरा वर्षं शिक्षक होते. त्या मातीतली पोरगी हुशार निघणारच.” बोकिलांनी यावर एक वाक्य टाकलं असतं तर दोन तालुक्यांचे संबंध इतके ताणले गेले नसते.

मध्येच कोणी नवखा म्हणाला की काय फरक पडतो, तर दोघंही त्याच्याकडे दयेने बघतात. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात या भागाने फुलावर, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने, भरभरून शिक्के मारले, आणि विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं. तेव्हापासून मत हरलं म्हणून सोडून द्यायचं नसतं, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे.

शेवट मात्र दोघांनाही पटलेला नाही. शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद मागे राहतो, यावर सर संतापतात. “गेली म्हणजे काय? बापाच्या कचेरीत विचारायचं. पोस्टमनला विचारायचं. आमच्याकडे पोरगी मावशीकडे राहायला गेली तरी कदंबच्या कंडक्टरला ठाऊक असतं!” प्रेमभंग ही त्यांच्या मते मूलतः चौकशी कमी पडल्याची बाब आहे. सरांच्या पत्नीने हीच कादंबरी दोन दुपारींत संपवली. त्या म्हणाल्या, “त्या अंबाबाईवर कोणी बोलत नाही. घरातलं सगळं बहिणीला आधी कळतं.” सरांनी समासात लिहिलं: ‘दुय्यम पात्र.’

परवा भाईंनी खिशातल्या डायरीत हिशेब मांडला. 1975 ला नववी, म्हणजे बाई आता पासष्टीला टेकल्या. निवृत्त असणार. “शिक्षिका,” सर म्हणाले. यावर पहिल्यांदाच एकमत झालं. मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीला, असंही ठरलं. सुनेच्या माहेरावरून किंचित घासाघीस झाली. मग भाईंना आठवलं, की डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात एक निवृत्त शिरोडकर बाई भाजी घ्यायला येतात. वय बसतंय. स्वभाव अबोल.

“आणि गाठून विचारणार काय तिला?” सरांच्या पत्नीने आतून विचारलं.

“आधी गाव,” सर म्हणाले.

“गाव मी विचारणार,” भाई उसळले. “तुम्ही नववीचं बघा.”