इथे स्वयंपाक करू नये

नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली की पूर्वी लोक आधी सत्यनारायण घालत. हल्ली आधी ट्रॉल्यांचं कोटेशन मागवतात. ते हातात पडलं की देव आपोआप आठवतो.

कोटेशन शोरूममध्ये मिळतं. शोरूम म्हणजे अशी जागा, जिथे दहा-बारा स्वयंपाकघरं ओळीने मांडलेली असतात आणि चहा मात्र समोरच्या टपरीवरून येतो. फळीवर प्लॅस्टिकची लिंबं, बरणीत कच्चा पास्ता, ओट्यावर इंग्रजी पाककृतींचं उघडं पुस्तक. फोडणीचा एक थेंब कुठे उडालेला दिसत नाही. "सर, मॅडम, कलर काय फायनल केलाय?" हा तिथला पहिला प्रश्न. दुसरा बजेटचा. घरात पोळ्या कोण लाटतं, त्या माणसाची उंची किती, कुकर दिवसातून किती वेळा चढतो, हे प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमात नाहीत. ओट्याची उंची बिल्डरने आधीच ठरवून ठेवलेली असते. काकू पाच फूट असोत की साडेपाच, ओटा तोच. मधला फरक काकूंनी पाठीने भरून काढायचा.

रंग ठरला की प्लायवूड. शोरूमच्या भाषेत 'मरीन'. नाव ऐकूनच माणूस सुखावतो. सिंकखालचं आपलं कपाट उद्या गेटवेहून मांडव्याला निघणार आहे असं त्याला वाटू लागतं. खरा मरीन प्लाय आयएस 710 या मानकाचा. त्याचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते बघतात. कोल्हापूरचा पांढरा रस्सासुद्धा इतका उकळत नाही. आयएस 303चा एमआर प्लाय साधा. तो हवेतली ओल सोसतो, सिंकची गळती नाही. कोटेशनात या दोघांचं नाव एकच असतं, 'वॉटरप्रूफ प्लाय'. शिक्का कुठाय विचारलं तर उत्तर येतं, "तो लॅमिनेटच्या खाली जातो, सर." यानंतर दारांना अ‍ॅक्रिलिक लावायचं की पीयू, यावरून घरात दोन तट पडतात आणि काही दिवस बोलणं बंद होतं. चकचकीत असतील तर हळदीच्या बोटांचे ठसे दोन्हींवर सारखेच उमटतात.

या खरेदीला एक जाणकार मामा हमखास बरोबर असतात. ते खिशातून लोहचुंबक काढतात आणि ट्रॉलीच्या जाळीला लावतात. चिकटलं नाही, म्हणजे अस्सल 304 स्टील, असा निकाल लागतो. शोरूमचा मुलगा आदराने मान डोलावतो, कारण 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही हे त्याला ठाऊक असतं. 304मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास. 202मध्ये ते बरंच कमी करून मँगनीज वाढवलेलं, म्हणून ते स्वस्त, आणि आपल्या दमट हवेत लवकर गंजणारं. चुंबकाला यातलं काही कळत नाही. आपल्याला पावसाळ्यात कळतं. तोवर मामा साताऱ्याला परतलेले असतात.

पण खरी चुरस चिमणीत. 1200 घेणारा माणूस 1400 घेणाऱ्याकडे फ्लॅटमध्ये एक बेडरूम कमी असल्यासारखा बघतो. हा आकडा तासाला किती घनमीटर हवा खेचली जाते त्याचा. आता आठ बाय आठचं, साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर घ्या. आत हवा सतराएक घनमीटर. म्हणजे 1200वाली चिमणी तासाभरात स्वयंपाकघरातली सगळी हवा सत्तर वेळा बाहेर फेकणार. अशा वादळात ओट्यावर कोथिंबीर टिकायची नाही, काकूंनाही हाताने कशाला तरी धरून राहावं लागेल. सुदैवाने असं काही होत नाही. पाइप दिसला तर शोभा जाते, म्हणून तो बीमला वळसा घालून, फॉल्स सीलिंगमध्ये शिरून, दोन काटकोन घेत खिडकीशी पोचतो, आणि प्रत्येक बाकावर थोडा थोडा जोर ठेवून जातो. बाहेर पडते ती झुळूक. शिवाय चिमणी 'ऑटोक्लीन' असते. बटण दाबलं की आतलं तेल तापून वितळतं आणि खालच्या वाटीत ठिबकतं. वाटी आपण धुवायची. आवाजाचं विचाराल, तर चिमणी चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. म्हणून बऱ्याच घरांत कुकर लावला की चिमणी बंद करतात आणि खिडकी उघडतात.

हॉबबद्दल फार बोलत नाही. काचेवर चार बर्नर दिसतात. पोळ्यांचा तवा ठेवला की शेजारचा बर्नर फक्त दूध कोमट ठेवायच्या कामाचा उरतो.

डिशवॉशर मात्र सोडता येत नाही, कारण त्याला सरकारी आशीर्वाद आहे. 22 सप्टेंबर 2025पासून त्यावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. त्यामुळे ज्यांना तो नको होता त्यांनाही तो दहा टक्के कमी नकोसा झाला. त्याची क्षमता 'प्लेस सेटिंग'मध्ये सांगतात, बारा, तेरा, चौदा. ही मोजणी युरोपातल्या पंगतीची: सूपची बशी, गोडाची बशी, कप, काटे, चमचे. आपल्या पंगतीनंतर मोरीत काय जमतं ते सगळ्यांना माहीत आहे. माहितीपुस्तिका उघडा. लोखंडी कढई नको, बिडाचा तवा नको, पितळेचं पातेलं नको, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नको, लाकडी पोळपाट तर अजिबात नको. उरतात काचेचे पेले आणि बशा. त्याही मावशी आधी विसळून देतात, मग यंत्र धुतं, मग मावशी पुसून लावतात. मावशींचा पगार तेवढाच राहतो. त्यांच्या हाताखाली एक मदतनीस आला, इतकंच.

आज आपण जे स्वयंपाकघर विकत घेतो त्याची आजी शंभर वर्षांची आहे. 1926च्या सुमारास मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी ते आखलं. साधारण 1.9 बाय 3.4 मीटरची खोली, दहा हजारांच्या आसपास घरांत बसवलेली. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासलं होतं. तोवर आपण कधी स्वयंपाकच केलेला नव्हता, असं पुढे बाईंनीच सांगितलं. इथवर ऐकून आमचा शोरूमवाला मुलगा खूश होईल. पण बाईंनी करणाऱ्यांची पावलं घड्याळ लावून मोजवली. पीठ ठेवायचे खण ओक लाकडाचे केले, किडे लागू नयेत म्हणून. भाजीची टरफलं ओट्यावरून थेट एका खणात सरकवता यावीत अशी सोय केली. बसून काम करायला स्टूल दिलं. त्या खोलीत दुसरं माणूस उभं राहू शकत नाही अशी तक्रार झाली, ती रास्तच होती. तरी पीठ कुठे ठेवणार हा प्रश्न तिथे विचारला गेला होता. आमच्याकडे दहा किलो कणकेचा डबा आजही फ्रिजच्या मागे उभा असतो, कारण टॉल युनिटमध्ये मायक्रोवेव्ह आहे आणि मायक्रोवेव्हमध्ये कालची पोळी.

आणि विळी? ट्रॉल्यांमध्ये थाळ्यांची जाळी असते, कप-बश्यांची असते, सुऱ्या-चमच्यांना मखमली अस्तराचा खण असतो, बाटल्यांसाठी अर्धा फूट रुंदीची सरकती फट असते. विळी कुठल्याच खणात मावत नाही. मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, खलबत्ता यांनाही थारा नाही. "हे सगळं आपण लॉफ्टवर हाइड करू," असं मुलगा म्हणतो. भाद्रपदात गणपतीच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून ते कोण काढणार, हे त्याच्या थ्रीडी चित्रात नाही. त्या चित्रात माणूसच नाही.

मग होतं काय, तर वर्षभरात ड्राय बाल्कनीत कडाप्प्याची एक फरशी टाकली जाते. तिच्यावर दोन बर्नरची जुनी शेगडी येते. मासे, चकल्या, पापड, मिरचीचा ठेचा, सगळं तिकडे जातं, आणि आतलं साडेचार लाखांचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला मोकळं राहतं. पाहुणे खण उघडतात, बोटाने हलकेच ढकलतात, आणि तो आपला आपण बंद होतो हे पाहून धन्य होतात. आतून कांदा-लसणाचा वास येत नाही याचंही कौतुक होतं. कसा येईल? तिथे कांदा गेलेलाच नसतो.

तेव्हा वाचकहो, सही करण्याआधी एवढं करा. शोरूमला जाताना पिशवीत घरची विळी, पोळपाट आणि सगळ्यांत मोठी कढई न्या. खणात ठेवून दाखवायला सांगा आणि खण बंद होतो का बघा. घरात जो रोज स्वयंपाक करतो त्याला ओट्यासमोर उभं करा, कोपरापासून माप घ्यायला लावा. प्लायवरचा 710चा शिक्का लॅमिनेट चढायच्या आधी स्वतः जाऊन बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. चिमणीचा पाइप दिसला तर दिसू द्या, सरळ न्या. मुलगा विळीकडे बघून हसला, तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.