सुई न टेकवलेली रसिकता

पिंपळगाव बसवंतच्या एका सद्गृहस्थांनी रसिकतेला अखेर शिस्त लावली आहे. दादा कोंडके यांच्या चित्रपटगीतांच्या सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्या त्यांच्या कपाटात आहेत. ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पांडू हवालदार’ (१९७५), प्रत्येकी तीन प्रती: एक दाखवायला, एक जपायला, एक अदलाबदलीला. ऐकायला अर्थातच एकही नाही. सुई टेकली की ओरखडा, ओरखडा उठला की भाव पडला.

गावच्या बाजार समितीत कांद्याला मोड आले की शेतकरी हवालदिल होतो. तबकडीला मोड येत नाहीत, टोमॅटोसारखी ती क्रेटमध्ये पिचतही नाही. सर्वोत्तम पीक म्हणतात ते हेच. संगीतकार राम कदमांनी ‘सोंगाड्या’च्या चाली बांधण्याचा नसता उद्योग केला. नुसती वेष्टणे छापली असती तरी भागले असते. इथून पुढे तबकड्या कोऱ्याच काढाव्यात, म्हणजे मोहाचे कारणच उरणार नाही.

परवा मात्र घरात अनर्थ घडला. आजीने ‘जपायची’ प्रत बाहेर काढली, वाजवली, वर दोनदा खळखळून हसलीही. कपाटाला आता दोन कुलुपे आहेत. आजीची किंमत अद्याप कोणी विचारलेली नाही.