जुलैत जानेवारीचा आकडा

जानेवारीत ठरलं होतं, रोज 10 हजार पावलं. आता जुलै लागला. निडी गावाच्या रस्त्यावर पाऊस आडवा झोडपतोय, छत्री उलटी होतेय आणि पहाटे फिरायला जाणारे ओटीवर तोंड पाडून बसलेत. चालणं बंद झाल्यापेक्षा 'नेम मोडला' हेच जास्त लागलंय.

जुलैत पाऊस येणार हे जानेवारीत माहीत नव्हतं?

इथलं भात बघा. राब भाजायचा, पेरायचं, चिखलणी, आवणी, मग कापणी. दर महिन्याला काम वेगळं. म्हणून शेतकऱ्याला कुणी धरसोड्या म्हणतं का?

आणि हे 10 हजार आले कुठून? टोकियो ऑलिंपिक झालं 1964 साली. दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकायच्या वस्तूचं नाव आपण डॉक्टरची चिठ्ठी म्हणून खिशात ठेवलं.

2019 साली अमेरिकेतल्या वयस्कर बायकांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका 2,700 वाल्यांपेक्षा कमी दिसला. साधारण 7,500 नंतर फायदा वाढेनासा झाला.

मग साडेचार हजारांवर आलात तर लाज कसली?

जागतिक आरोग्य संघटना तर पावलं सांगतच नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं थोडा दम लागेलसा व्यायाम, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. मिनिटं ओटीवरही भरतात. सूर्यनमस्कार घाला, बैठका मारा. पावसाला ओटीवर यायची परवानगी नाही.

खरा घात करतं ते एकच वाक्य : "आता दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर थंडी, थंडीत लग्नं, आणि मग पुन्हा 1 जानेवारी. आकडा कमी करायला जीव कासावीस होतो, पाच-सहा महिने आडवं पडायला मात्र काही वाटत नाही!

नेम बदलणं म्हणजे नेहमी कमी करणंही नव्हे. आवणीला गेलेल्या बाईला संध्याकाळी "थोडं चालून ये" सांगणाऱ्याने आधी एक दिवस चिखलात उभं राहावं. तिचा जुलैचा नेम एकच असू दे. रात्री वेळेवर पाठ टेकायची, आणि सकाळी भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापायची.

तिला कधी जवळून पाहिलंय? डाव्या हातात आवणाची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात रोवायच्या, की पाऊल मागे. पुन्हा रोवायचं, पुन्हा मागे. फोन घरी फळीवर, तिची पावलं मोजायला कुणी नाही.

दिवसभर ती मागेच सरकत असते. संध्याकाळी समोर सगळं खाचर हिरवं.