फोटो भिंतीकडे

२०२४ च्या एप्रिलमध्ये गंगाखेडजवळचं आमचं घर अर्धा तास मतदान केंद्र झालं होतं आणि त्या अर्ध्या तासात आम्हालाच घरात प्रवेश नव्हता. लोकसभेच्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मत देण्याची सोय देशभर पहिल्यांदाच झाली होती. आजीसाठी त्या सोयीचा १२-ड नमुना भरून दिला तो मीच. परभणीचं ऊन, तिचे गुडघे आणि शाळेतल्या मतदान केंद्राच्या चार पायऱ्या, एवढाच हिशेब मी केला होता.

निवडणुकीची मंडळी आली. हातात पेटी, पाकिटं, कॅमेरा. सोबत एक पोलीस. मुलगी बघायला आल्यासारखे सगळे बाजेच्या कडेकडेनं बसले. आईनं पोह्यांची कढई चढवली, तर साहेब म्हणाले, "नको ताई, आम्ही ड्यूटीवर आहोत." मग देवघराशेजारी पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला आणि आम्हाला अंगणातल्या लिंबाखाली पाठवण्यात आलं. ज्या घरात मीठ कुठं ठेवलंय हेसुद्धा गुपित राहत नाही, तिथं एकाएकी गुप्तता आली. परकी पाहुणी यावी तशी, अवघडून.

खिडकीतून मला एवढंच दिसलं, की आडोशाआड जायच्या आधी आजीनं काठी टेकवली, हात उंचावला आणि आजोबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला.

आजोबा असताना दर निवडणुकीच्या आदल्या रात्री जेवताना कुणाला मत द्यायचं ते सांगत. आजी मान डोलवे. सकाळी दोघं शाळेत जात, बाया एका रांगेत, बाप्ये दुसऱ्या. त्या रांगेत तिला माहेरकडची माणसं भेटत, कुणाच्या सुनेला दिवस गेले ते कळे, आणि मग खोलीच्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या पडद्याआड, उभ्या आयुष्यात मिळाला नाही असा मिनिटभराचा एकांत मिळे. तिथं तिनं शिक्का कुठं मारला, पुढं यंत्र आल्यावर बटण कुठलं दाबलं, ते त्या कोपऱ्यालाच ठाऊक. आजोबा गेले तेव्हा आपल्या घरात दोन मतं आहेत याच समाधानात गेले.

ऊन टळलं, गुडघे वाचले, हे खरंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी सरकार पेटी घेऊन येतं, ही काही लहान गोष्ट नव्हे. मी तिची थट्टा करणार नाही. पण आजीच्या वाटणीचं एक बाहेर मी एका सहीनं रद्द केलं होतं, हे मला मतदानाच्या दिवशी, २६ तारखेला कळलं. त्या दिवशी ती इरकल नेसून ओट्यावर बसली होती आणि शाळेकडं जाणाऱ्या प्रत्येकीला विचारत होती, "रांग किती हाय गं?" एकदा घरून मत दिलं की केंद्रावर जाता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. "मत नाही द्यायचं रे," ती म्हणाली, "नुसतं उभं राहायचंय."

नोव्हेंबरात विधानसभा आली. १२-ड घेऊन माणूस दारात आला, तेव्हा आजीनं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि नमुना तेवढा परत दिला. २० तारखेला आम्ही तिला शाळेत नेलं. म्हाताऱ्या माणसाला रांगेची गरज नाही, पुढं या, असं पोलिसानं दोनदा सांगितलं. ती गेली नाही.