कुठे निघालात?

घरातून बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारायचं नाही, हा आमच्या आजीचा नियम. चुकून कुणी विचारलंच, तर ती जाणाऱ्याला परत आत बोलवायची, पाटावर बसवायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि मगच सोडायची. ‘कुठे’ काढलं की काम होत नाही. सायन्सला गेल्यावर मी या प्रकाराला पोटभर हसून घेतलं. त्याची फेड पंचावन्नाव्या वर्षी झाली, कॉम्प्युटरवर फायरवॉल बसवली तेव्हा.

तशी फायरवॉल आधीपासून होतीच. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००४ पासून, ती आपोआप चालू असते. पण एक्सपीतल्या फायरवॉलचा पहारा येणाऱ्यांवर. पुढे व्हिस्टात जाणाऱ्यांनाही अडवायची सोय झाली. मात्र मुद्दाम सांगितल्याशिवाय ती सहसा कुणाला हटकत नाही. आजीचं वळण!

“मामा, आतून कोण कुठे जातंय ते बघ,” भाचा म्हणाला. मॅकवाल्यांकडे म्हणे यासाठी ‘लिटल स्निच’ असतं. व्हिएन्नातल्या लोकांनी केलेलं. स्निच म्हणजे चहाडखोर. पैसे मोजून घरात चहाडखोर ठेवायचा ही कल्पना मला फारच आवडली. फक्त पैसे मोजायचा भाग वगळून मी माझ्या यंत्रासाठी तसलाच एक फुकटातला शोधला.

पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर चौकट उगवली: कॅल्क्युलेटर बाहेर जाऊ इच्छितो. सोडायचं? एकदाच, की कायम? बेरीज-वजाबाकी करणाऱ्याचं परगावी काय काम? (डॉलरचा भाव विचारायला जातो, हे नंतर कळलं.) मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर निघालं. प्रिंटर गेल्या दिवाळीत भंगारात गेला, तरी ह्याच्या भेटीगाठी चालूच. जाण्याचा पत्ता म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे, आणि बहुतेक सगळे ४४३ नंबरच्या दाराकडे. तिथला माल कुलूपबंद. कोण गेलं आणि कुठे गेलं एवढंच दिसतं. पिशवीत काय आहे, देव जाणे.

मला नशा चढली. प्रत्येक चौकट मी मोठ्याने वाचायचो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचो, “एकदाच, की कायम?” आतून कुकरची शिट्टी यायची. मी तिचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचो.

चौथ्या दिवशी ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा कुणीतरी दारात उभा. नाव संशयास्पद, ओळख शून्य, आणि दर दोन मिनिटांनी बाहेर जायची घाई. मी त्याला कायमचा नाकारला आणि निवांत चहा प्यायलो.

त्यानंतर कुणीच कुठे गेलं नाही.

“अहो, लाइट बिलाची आज शेवटची तारीख आहे. साइट उघडत नाहीये.”

भाच्याला फोन लावला. तो आधी पुरेसा हसला. मग म्हणाला, त्या एका नावाखाली विंडोजच्या कितीतरी सेवा ये-जा करतात. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता विचारून येणारी सेवाही त्यातच. म्हणजे मी नेमकं रस्ता विचारणाऱ्याचंच तोंड बांधलं होतं. सोडवायचं कसं, तेही त्याने सांगितलं. पण ‘नाही’ म्हणण्याची माझी यादी आता एकशे चाळीस ओळींची झाली होती आणि मी चष्मा शोधत होतो.

तेवढ्यात हिने बिलाचा कागद घेतला, पिशवी घेतली, चपला सरकवल्या. भरणा केंद्र बंद व्हायला अर्धा तास होता.

“कुठे निघालीस?” माझ्या तोंडून गेलंच.

“आज एकदाच निघालेय,” ती म्हणाली. “कायमची निघाले की मोठ्याने वाचा.”

आणि चपला काढून परत आत आली, खुर्चीवर टेकली, घोटभर पाणी प्यायली आणि गेली.